धैर्यशील, व्हॉल्व कामण्णाने उघडा ठेवला नव्हता

धैर्यशील, तुझ्या शोकसभेत कुणीतरी तुला 'पाण्यासारखा निर्मळ माणूस' म्हणालं आणि मला हसू आलं. रुमाल तोंडाला लावला, खाली बघितलं. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय. त्यांनी पाठीवरून हात फिरवला.

सांगलीतल्या त्या हॉलमध्ये तुझा फोटो ठेवला होता. कंपनीच्या ओळखपत्रावरचाच मोठा करून घेतलेला. त्यात तू नेहमीसारखा समोरच्याला काही कळत नाही असं गृहीत धरून बघत होतास. आपले मालक तासभर बोलले. दुष्काळी जतला तू पाणी पोचवलंस म्हणाले. आपण पाणी पोचवलं नव्हतं. पाणी योजनेचं होतं, पाइप ठेकेदाराचे होते. आपण फक्त टाकीवर एक पेटी बसवली, तिच्यात एक प्रोग्रॅम घातला आणि कोणत्या वस्तीला कधी पाणी सोडायचं ते त्याच्याकडून करून घेतलं. 'त्याने मागे काही अर्धवट ठेवलं नाही,' असंही मालक म्हणाले. त्यावर टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवणारी माणसं तुला आवडली असती.

तुझ्याबद्दल चांगलं लिही, असं मला सांगितलंय. कंपनीच्या पत्रकात छापायचं आहे. हे ते नव्हे. हे तुला आहे, आणि ह्यात चांगलं किती येईल ते मलाही माहीत नाही.

आपलं भांडण कशावरून सुरू झालं ते तुला आठवत असेल. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. प्रत्येक वस्तीचे नियम आपण एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहायचो: इतक्या वाजता व्हॉल्व उघड, एवढ्या वेळाने बंद कर. ती स्क्रिप्ट वाचून तसं वागणारा इंटरप्रिटर आपल्या मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटात असायचा. गावाने वेळा बदलून मागितल्या की जुना इंटरप्रिटर मोडायचा आणि नवा उभा करायचा. तू हे सांगलीत खुर्चीत बसून, मोबाइलच्या नेटवर्कवरून करायचास. मी एवढंच विचारलं होतं, की जुना मोडताना त्याने उघडलेला व्हॉल्व उघडाच असेल तर तो बंद कोण करणार? त्याचं घड्याळ त्याच्याबरोबरच गेलं. नव्याला तर असा काही व्हॉल्व उघडा आहे हेच ठाऊक नाही.

उपाय सोपा होता. व्हॉल्व उघडताना इंटरप्रिटरकडे एका फंक्शनची नोंद करून ठेवायची: तुला मोडायची वेळ आली की आधी ह्याला हाक मार. त्या फंक्शनने व्हॉल्व बंद करायचा. कॉलबॅक म्हणतात त्याला. दहा-पंधरा ओळींचं काम.

तू पाय टेबलावर टाकून हसलास.

"मास्तरीणबाई, मेल्यावरची सोय आत्तापासून? ऑपरेटिंग सिस्टिम आहे ना झाडू मारायला. ती सगळं परत घेते."

"प्रोग्रॅम मेला तर घेते," मी म्हणाले. "इथे प्रोग्रॅम जिवंत आहे, आतला इंटरप्रिटर फक्त गेलाय. आणि घेतली तरी मेमरी घेईल रे. जतला जाऊन व्हॉल्व फिरवणार आहे का ती?"

"व्हॉल्व उघडा असतानाच नियम बदलायला इतकं वाईट टायमिंग कुणाचं असणार आहे?"

"तुझं."

तेव्हा तू मोठ्याने हसलास. मग बैठकीत मालकांना सांगितलंस की बाईंना पुस्तकातल्या अडचणी फार दिसतात. तू वरिष्ठ होतास. कॉलबॅक राहिला. मला वाईट वाटलं ते हरल्याचं नव्हतं. तुला माझं पटलं होतं, हे मला दिसलं होतं. पटलेलं कबूल करायचं म्हणजे तुझ्या अंगावर काटा यायचा.

त्या उन्हाळ्यात वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी कोरेगावला होते. परत आले तेव्हा जत तालुक्यातल्या एका गावाचं प्रकरण होऊन मिटलेलंही होतं. टाकी पूर्ण रिकामी झाली, पाणी ओढ्यात गेलं, ऐन उन्हाळ्यात गाव कोरडं पडलं, टँकर येईपर्यंत मेंढरं तडफडली. कारण काय, तर तिथल्या व्हॉल्वमननं, कामण्णानं, हाताच्या चावीने व्हॉल्व उघडला आणि झोपून गेला. सरपंचांनी त्याची चावी काढून घेतली. ऑफिसात त्यावर विनोदही होऊन गेले होते. आपला शिपाई म्हणाला, "लय बेफिकीर माणसं गड्या ती." तू चहा पीत होतास. कप खाली ठेवून स्क्रीनकडे वळलास.

मग आली ती दुपार. दुसऱ्या एका गावाची पेटी मी टेबलावर तपासत होते. व्हॉल्व उघडा असताना वेळा बदलल्या. जुना इंटरप्रिटर गेला, नवा आला, आणि टेबलावरचा व्हॉल्व तसाच उघडा. हिरवा दिवा लागलेला. मी पुन्हा केलं. पुन्हा तसंच. मला जतची टाकी दिसली. मी तुला हाक मारली.

"धैर्यशील, हे बघ. कामण्णाने नाही केलेलं. त्या दिवशी वेळा कुणी बदलल्या होत्या?"

तू स्क्रीनवरून मान वर केली नाहीस.

"माहीत आहे," म्हणालास.

"काय माहीत आहे?"

"मीच बदलल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं माझ्या."

मी खुर्चीवर बसले. मग विचारलं, गावाला काय सांगितलंस? तू म्हणालास की सरपंचांचा फोन आला तेव्हा तू फक्त 'हाताने उघडा राहिलेला दिसतोय' एवढंच म्हणाला होतास. फक्त एवढंच! नाव घेतलं नव्हतंस म्हणे. हाताने उघडायची चावी अख्ख्या गावात एकाच माणसाकडे होती, आणि तू नाव घेतलं नव्हतंस.

तुझं नाव धैर्यशील कुणी ठेवलं रे? दहाव्याला तुझ्या वडिलांना कडेगावात भेटले, तेव्हा हा प्रश्न माझ्या जिभेवर होता. ते सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, ताठ बसलेले. म्हणाले, "थोरला फौजंत, ह्यो कंप्युटरात. भ्यायला न्हाई गं कधी कुणाला." मी मान हलवली. म्हाताऱ्या माणसाशी वाद घालायची माझी छाती नव्हती, आणि जागाही नव्हती ती.

त्या दुपारी मात्र मी तुला सोडलं नाही. जे तोंडाला आलं ते बोलले. तू ऐकून घेतलंस. मग कीबोर्ड ओढलास आणि माझ्यासमोर कॉलबॅक लिहिलास. त्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त चीड आहे. अर्ध्या तासात लिहिलास, आणि सुंदर लिहिलास. मी विचार न केलेली गोष्टही त्यात होती. व्हॉल्व नेहमीच्या वेळी बंद झाला की ती नोंद इंटरप्रिटरकडून काढून घ्यायची, नाहीतर नंतर तो मोडताना भलत्याच, आधीच टाकून दिलेल्या गोष्टीला हाक मारेल. आणि त्या फंक्शनने बंद करायचं काम स्वतः करायचं, मरत्या इंटरप्रिटरकडून पुन्हा स्क्रिप्ट चालवून घ्यायची नाही, हेही तू समजावलंस. तसं समजावताना तुझा आवाज किती चांगला व्हायचा. मी क्षणभर चिडायचं विसरले. ह्या कामातलं मला जे काही येतं त्यातलं बरंचसं तुझ्या त्या आवाजात माझ्या डोक्यात बसलंय. त्याबद्दल आभार. हे मी जिवंतपणी म्हटलं असतं तर तू आठवडाभर डोक्यावर बसला असतास.

"आता गावात जाऊन ही नवी आवृत्ती घाल," मी म्हणाले. "आणि कामण्णाला सांग. सरपंचांच्या समोर सांग."

"सांगतो. ह्या आठवड्यात जातो."

"नाही गेलास तर मी जाईन."

"जातो म्हटलं ना बाई."

आठवडा संपायच्या आत तू कडेगावला घरी गोठ्याकडे जाता जाता कोसळलास. कराडला नेईपर्यंत संपलं होतं. बातमी आली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते ऐक: पळाला. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

शोकसभेनंतर मी मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. चेहरा इतका दुःखी केला की मला वाटलं आता काही माणसासारखं बोलतील. म्हणाले, "गेलेल्या माणसाचं नाव आता कशाला खराब करायचं? आपण गुपचूप नवी आवृत्ती घालून टाकू. त्या व्हॉल्वमनलाही आता सवय झाली असेल." सवय झाली असेल! मघाशी माइकवर गहिवरलेला हाच माणूस. मी म्हणाले, मी जत्रेला निघाले नाही, जतला निघालेय, आणि तुमची परवानगी मागायला आले नव्हते. दार उघडंच टाकून बाहेर आले.

कामण्णाचं घर गावाच्या टोकाला आहे. पुढे मेंढरांचा वाडा, कडुनिंबाखाली बाज. पन्नाशीचा माणूस, मिशा पांढऱ्या, आवाज खर्जातला. घरात त्याची बायको मायव्वा. मी सांगलीच्या पेटीवाल्या कंपनीची म्हटल्यावर तो उठला नाही.

"त्ये साहेब आलं न्हाईत व्हय?" त्याने विचारलं.

"कुठले साहेब?"

"त्ये चष्म्याचं. उंच. येत्यात की अधनंमधनं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग मायव्वा बाहेर आली आणि तिने सांगितलं. तू येत होतास. उन्हाळ्यापासून कितीदा तरी. गाडी रस्त्याला लावायचास, ह्या बाजेवर बसायचास, चहा प्यायचास. पाऊस कधी, मेंढरांना काय, असलं विचारायचास. मग गप्प बसून राहायचास आणि उठून जायचास.

"एकदा गूळ घिऊन आलं," मायव्वा म्हणाली. "ही यवढी ढेप. म्या म्हनलं, आवं कशापायी? तर काय बोललंच न्हाईत. घरचा हाय म्हनलं निस्तं."

गूळ, धैर्यशील! माणसाची अब्रू घेतलीस आणि कडेगावचा गूळ नेऊन दिलास! सांगलीहून जतपर्यंतचा तो रस्ता, ते ऊन, आणि तिथे पोचून तुझ्या तोंडातून काय निघायचं, तर पाऊस कधी. इतकी कीव मला कुणाची आली नव्हती, आणि इतका तिटकाराही नाही. तू अगदीच निर्लज्ज असतास तर बरं झालं असतं. निर्लज्ज माणूस निदान पेट्रोल तरी जाळत नाही.

मी कामण्णाला सगळं सांगितलं. इंटरप्रिटर वगैरे शब्द बाजूला ठेवून, सरळ: सांगलीतून वेळा बदलल्या, त्यामुळे व्हॉल्व उघडा राहिला, तुमचा काही संबंध नव्हता, आणि बदलणारा माणूस तो चष्मेवाला साहेब होता. तो आता वारला.

कामण्णा मेंढरांकडे बघायला लागला. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ द्या, झालं ते झालं. शहरातून माफी घेऊन येणाऱ्या माणसाला हेच ऐकायचं असतं. मलाही हेच ऐकायचं होतं, असं आत्ता लिहिताना कळतंय.

"हितं कशाला सांगताय?" तो म्हणाला. "मला म्हाईतच हाय की म्या उगडला न्हाई त्ये. त्यास्नी सांगा जावा. हिला टँकरच्या रांगंत समद्यांच्या मागं हुबी करत्यात बाया. तुज्या नवऱ्यानं पानी सांडलंय, तू मागं ऱ्हा. पोरीची सोयरीक ठरत आलती, त्ये लोक परत आलं न्हाईत. चावडीम्होरं सांगा अक्का. दम आसंल तर."

पाऊस लांबला होता, टँकर अजून चालूच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर यायच्या वेळेला मी टाकीपाशी उभी राहिले. घागरी घेऊन बायका आल्या होत्या, पुरुष पारावर. सरपंचांना बोलावून घेतलं होतं. मी सांगितलं. मधेच कुणीतरी कन्नडमध्ये काहीतरी म्हणालं आणि चार-पाच जण हसले. माझं बोलून झाल्यावर सरपंच पुढे आले. त्यांचा चेहरा कडू झाला होता.

"बाई, त्ये साहेब मेलं म्हनता. आन आता समदं त्येच्या अंगावर. जित्या मानसाला वाचवाया मेलेल्यावर ढकलताय व्हय? ह्या कामण्णानं काय दिलं तुमास्नी?"

तू फोनवर एक अर्धवट वाक्य टाकलं होतंस आणि लोकांनी लगेच विश्वास ठेवला होता. मी खरं पूर्ण सांगितलं, तर मीच खोटी. तुला हे बघायला मिळायला हवं होतं. तुला फार मजा आली असती, आणि मग फार लाज वाटली असती, आणि लाज वाटली हे तू मरेपर्यंत सांगितलं नसतंस.

मी म्हणाले, "मग डोळ्यांनी बघा."

टाकीत पाणी थोडं होतं, पण होतं. मी पेटी उघडली. आत अजून जुनाच प्रोग्रॅम होता. खालच्या वस्तीचा व्हॉल्व उघडला. पाइपातून धार सुरू झाली. मग लॅपटॉपवरून वेळ बदलली, त्या दिवशी तू बदलली होतीस तशीच. बंद व्हायची वेळ आली, टळून गेली. धार चालूच. बायकांनी घागरी टाकून दिल्या आणि जवळ आल्या.

"आवं बंद करा की! पानी चाललं!" एक म्हातारी ओरडली.

"कामण्णाला सांगा बंद करायला," मी म्हणाले. "चावी कुणाकडे आहे?"

चावी सरपंचांच्या खिशात होती. त्यांनी ती काढली, इकडेतिकडे बघितलं आणि कामण्णाच्या हातात दिली. कामण्णाने वाकून दोन हातांनी चावी फिरवली. धार बारीक झाली आणि थांबली. तो तसाच वाकून राहिला. सरळ व्हायला त्याला वेळ लागला.

मग मी तुझी नवी आवृत्ती घातली. पुन्हा व्हॉल्व उघडला, पुन्हा मधेच वेळ बदलली. जुना इंटरप्रिटर गेला, जाता जाता त्याने तुझ्या फंक्शनला हाक मारली, आणि मोटर घरघरली. व्हॉल्व आपोआप मिटला. कुणीतरी 'अग्ग' म्हणालं. तू लिहिलेलं पहिल्या फटक्यात चाललं. तुझं नेहमीच चालायचं, हरामखोरा.

टँकर आला. बायका रांगेला लागल्या. दोघीतिघींनी मायव्वाला पुढे यायला सांगितलं. ती गेली नाही. "मला हितलीच सवं झालीया," म्हणाली आणि शेवटीच उभी राहिली. त्या बायका मग तिच्या डोळ्याला डोळा देईनात. तिने फार चांगलं केलं.

मी सामान आवरत होते तेव्हा सरपंच जवळ आले. आवाज खाली आणला होता.

"चूक हुती मानसाकडनं. पर एक सांगा. त्ये साहेबास्नी ठावं हुतं का? तवाच?"

कामण्णा शेजारीच उभा होता. तोही बघायला लागला.

मला खोटं बोलता आलं असतं. नंतर कळलं म्हणता आलं असतं. त्यांनी तुला माफ केलं असतं. जतला पाणी आणणारा तोच तो निर्मळ माणूस राहिला असतास. तुझ्यासाठी करण्यासारखं एवढंच काम जगात उरलं होतं आणि ते माझ्या हातात होतं.

"होतं," मी म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी."

कामण्णा थुंकला. मग चावी कनवटीला लावून मेंढरांकडे निघून गेला. मागे वळून बघितलं नाही. मला त्याचा राग आला नाही.

परतीच्या रस्त्यावर मी तुझ्याशी भांडत होते, मोठ्याने, काचा बंद करून. तुझी बाजूही मीच मांडत होते. मला ती पाठ आहे. तू म्हणाला असतास, कंपनीचं काम गेलं असतं. मी म्हणाले, मालकांची ती काळजी, तुझी कधीपासून झाली? तू म्हणाला असतास, एका व्हॉल्वमनच्या शब्दाला किती किंमत द्यायची. मी म्हणाले, मग इतक्या वेळा बाजेवर जाऊन का बसलास? इथे तू काय म्हणाला असतास ते मात्र मला सुचेना. तुझा आवाज आणायचा प्रयत्न केला. आला नाही. कितीदा केला.

कवठेमहांकाळच्या पुढे गाडी कडेला घेतली. ट्रक जात होते, धुरळा काचेवर बसत होता. स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"एक वाक्य होतं रे, गाढवा," मी म्हणाले. "एकच वाक्य होतं."